गणिताची शिकवणी : पंतोजीपासून फाउंडेशन बॅचपर्यंत

निकाल लागला की आठवडाभरात चौकाचौकात फ्लेक्स चढतात. दहावीला गणितात शंभरपैकी शंभर मिळवलेल्या मुलामुलींचे फोटो, वर क्लासचं नाव, खाली 'नववी-दहावी प्रवेश सुरू, मोजक्याच जागा शिल्लक'. त्याच आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न फिरायला लागतो : "नववीच्या मॅथ्सला कोणता क्लास चांगला?" भराभर नावं येतात, फीचे आकडे येतात, हप्त्याची सोय कुठे आहे तेही कळतं. फक्त आपल्या पोराचं नेमकं कुठे अडतंय, हे त्या ग्रुपवर कुणी विचारत नाही.

मी इथे कोणत्याही क्लासचं नाव सुचवणार नाही. त्याऐवजी थोडा इतिहास सांगतो. आपल्याकडे पैसे देऊन गणित शिकण्याची पद्धत दोनशे वर्षांहून जुनी आहे आणि या सगळ्या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : शिकवणी गणिताच्या मागे कमी आणि परीक्षेच्या मागे जास्त जाते. नोकरीचं, कॉलेजचं दार ज्या परीक्षेने उघडतं, त्या परीक्षेसमोर शिकवणीचं दुकान लागतं. दार हललं की दुकानही हलतं. हे एकदा लक्षात आलं की 'कोणता क्लास' या प्रश्नाकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं.

पंतोजीची शाळा

इंग्रजी राज्य येण्याआधी आणि आल्यावरही बरीच वर्षं गावोगावी पंतोजीची शाळा असे. सरकारी पगार नाही, फळा नाही, वर्ग नाही. एखाद्या देवळात, ओसरीवर किंवा वाड्यात पोरं बसत. पालक ऐपतीप्रमाणे पैसे, धान्य, सणावाराला काही देत. म्हणजे आजच्या भाषेत ती खासगी शिकवणीच होती. शिकवायचे काय, तर मोडी वाचणं-लिहिणं आणि हिशेब. तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात परवचा म्हणायचा.

हे सगळं घोकंपट्टीचं होतं, यात वाद नाही. शिक्षाही कडक असत. आणि ही शाळा सगळ्यांची नव्हती. मुली नव्हत्या, दलितांची मुलं नव्हती. पण एक गोष्ट सरळ होती : जे शिकवलं जाई ते दुसऱ्या दिवशी बाजारात वापरता येई. पावणेतीन शेराचा भाव काढता आला की शिक्षण फळलं. परीक्षा घेणारा बोर्ड नव्हता, गिऱ्हाईकच परीक्षा घेत होतं.

१८२०च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या शास्त्र्यांच्या मदतीने गणिताची मराठी पुस्तकं तयार केली. गणित तोंडी परवच्यातून छापील पानावर आलं. तरी अजून मोठी परीक्षा यायची होती.

मॅट्रिकचं दार

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं 'मॅट्रिक' हा शब्द मराठी घरात किती जड होता, हे जुन्या पिढीला वेगळं सांगायला नको. मॅट्रिक पास झाला की कारकुनी, मास्तरकी, कॉलेज यातलं काहीतरी खुलं. नापास झाला की लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते निघे. आणि पोरं अडकायची ती मुख्यतः दोन ठिकाणी : इंग्रजी आणि गणित.

इथून आजच्या अर्थाची शिकवणी सुरू झाली. गंमत अशी की तेव्हा शिकवण्या घेणारे पुष्कळदा स्वतःच गरीब विद्यार्थी असत. वार लावून जेवायचं, माधुकरी मागायची आणि एखाद्या वकिलाच्या नाहीतर मामलेदाराच्या मुलाला गणित शिकवून फीचे पैसे उभे करायचे. महर्षी धोंडो केशव कर्वे गणित घेऊन १८८४ साली बी.ए. झाले आणि मुंबईत शाळांमधली मास्तरकी आणि शिकवण्या यांवर त्यांचा संसार चालला. १८९१ साली ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. तिथे आधी गणित शिकवत होते बाळ गंगाधर टिळक. टिळकांचे गणिताचे गुरू म्हणजे डेक्कन कॉलेजातले केरूनाना छत्रे. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक अनेक वर्षं शाळांतून चाललं. महाराष्ट्राच्या राजकारणाची आणि समाजसुधारणेची एवढी मोठी नावं एकाच विषयाच्या तासाला उभी होती, हे आज विसरायला होतं.

आणखी एक गोष्ट. १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर टिळकांनी चरितार्थासाठी पुण्यात लॉ क्लास काढला. वकिलीच्या परीक्षेची तयारी करून घेणारा खासगी क्लास. तेव्हा 'क्लास काढणं' म्हणजे शिक्षणाचा धंदा मांडणं, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे नाव आठवावं. क्लास ही गोष्ट मुळातच वाईट आहे असा माझा दावा नाही. ती कशासाठी उभी राहते आणि कुणाला बाहेर ठेवते, एवढंच बघायचं आहे.

कोण बाहेर राहतं, हा प्रश्न एका माणसाने फार गांभीर्याने घेतला. कर्मवीर भाऊराव पाटील. सुरुवातीच्या काळात साताऱ्यात तेही शिकवण्या घेत आणि 'मडवाण्णा मास्तर' म्हणून ओळखले जात. शिकवणी ज्याला परवडते त्याच्याच घरी जाते, हे त्यांनी त्या काळात जवळून पाहिलं. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहं काढली, 'कमवा आणि शिका' उभं केलं. शिकवणी घेणारा मास्तर शाळा काढतो, कारण खेड्यातल्या पोराला शिकवणी लावणं शक्यच नसतं. आजच्या चर्चेत हा धडा सहसा येत नाही.

केंब्रिजचा कोच

आता थोडं इंग्लंडला जाऊन येऊ. कारण आपल्याकडे 'रँग्लर' या पदवीचं जे अप्रूप होतं, तिच्या मागे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गणिताच्या शिकवण्या होत्या. कर्व्यांच्या नात्यातला, त्यांच्याकडे राहून शिकलेला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. सीनिअर रँग्लर होणारा पहिला भारतीय. इकडे केवढा जल्लोष झाला!

त्या परीक्षेत उत्तीर्णांची क्रमवार यादी लागे आणि यादीत वर येण्यासाठी मुलं कॉलेजच्या व्याख्यानांपेक्षा खासगी कोचवर जास्त विसंबत. एडवर्ड राउथ हा त्यातला सगळ्यात मोठा कोच. १८५४च्या यादीत हा पहिला होता आणि दुसरा होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल, पुढे विद्युतचुंबकत्वाचे नियम मांडणारा. राउथने तीसेक वर्षांत पंचवीसहून अधिक सीनिअर रँग्लर घडवले. पद्धत काय? लहान गट, ठरलेले तास, दर आठवड्याला वेळ लावून एक पेपर आणि सगळ्यांचे गुण सगळ्यांना दिसतील असे लावायचे. ओळखीचं वाटतंय ना? आजची 'टेस्ट सिरीज' तीच आहे.

पण यात गणिताचं काय झालं? जी. एच. हार्डी, म्हणजे रामानुजनला केंब्रिजला नेणारे तेच, या घोड्यांच्या शर्यतीला वैतागले होते. हुशार मुलांची उमेदीची वर्षं युक्त्या पाठ करण्यात जातात आणि युरोपात जे खरं नवं गणित चाललंय ते इथे पोचत नाही, अशी तक्रार होती. शेवटी १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली आणि कोच मंडळींचं ते साम्राज्य बघता बघता ओसरलं. कुणी कोचवर बंदी घातली नव्हती. ज्या यादीवर ते जगत होते, ती यादी गेली.

१९७५ : गणित सक्तीचं होतं

परत महाराष्ट्रात. १९४९ पासून मुंबई राज्यात विद्यापीठाच्या मॅट्रिकऐवजी एसएससी परीक्षा आली. महाराष्ट्र झाल्यावर १९६५च्या कायद्याने राज्याचं स्वतंत्र परीक्षा मंडळ आलं. त्या जुन्या अकरावी एसएससीत एक पळवाट होती. ज्याला बीजगणित-भूमिती झेपत नाही त्याला सोप्या गणिताचा पर्याय. 'लोअर मॅथ्स', 'हायर मॅथ्स' हे शब्द सत्तरीतल्या कुणालाही विचारा. पुष्कळ मुली लोअरला जात, किंवा पाठवल्या जात.

१९६४-६६च्या कोठारी आयोगाने सांगितलं की शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सगळ्यांना असलंच पाहिजे. हेतू चांगलाच होता. मुलीने किंवा गरीब मुलाने तेराव्या वर्षी गणित सोडलं की पुढची अर्धी दारं कायमची बंद होतात, ती होऊ नयेत. महाराष्ट्रात १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. बीजगणित ७५, भूमिती ७५, मिळून दीडशे गुणांचं गणित प्रत्येकाला.

आता बघा काय झालं. विषय सगळ्यांना सक्तीचा केला, पण तो सगळ्यांना शिकवू शकतील एवढे गणिताचे शिक्षक आणि तेवढे लहान वर्ग काही त्या वेगाने वाढले नाहीत. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात मास्तर फळ्यावर प्रमेय लिहिणार, पोरं उतरवून घेणार. सक्ती आणि शिकवण यांच्यात जी फट राहिली, तिथे क्लास उभा राहिला. दीडशे गुण म्हणजे टक्केवारी चढवणारा किंवा पाडणारा विषय. मग गाईडं आली, अपेक्षित प्रश्नसंच आले आणि गुणवत्ता यादीत झळकलेल्यांचे पेपरात फोटो आले.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. इंजिनीअर होणं ही आता थोड्यांची नव्हे, तालुक्याच्या गावातल्या मध्यमवर्गाचीही आकांक्षा झाली. त्या दाराची किल्ली गणित. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं ते नव्वदच्या दशकात. आणि तिकडे राजस्थानात, कोट्यात व्ही. के. बन्सल या इंजिनीअरने आजारपणामुळे नोकरी अवघड होत गेल्यावर घरातल्या टेबलावर काही मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यातून पुढे अख्ख्या शहराचा उद्योग उभा राहिला.

आपल्या बोर्डाने नंतर गुणवत्ता यादी बंद केली. पण केंब्रिजसारखं इथे झालं नाही. क्लास ओसरले नाहीत, कारण तोवर दार दहावीवरून पुढे सरकलं होतं : सीईटी, जेईई. म्हणून आज आठवी-नववीच्या मुलाला जे विकलं जातं त्याचं नाव 'फाउंडेशन'. चार वर्षांनी येणाऱ्या परीक्षेची तयारी. दहावीचं गणित त्यात ओघाने उरकतं, किंवा उरकलं असं गृहीत धरलं जातं.

देवळालीचे मास्तर

१९७५ चं आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एका भारतीय शाळामास्तरांबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, शिक्षण ठाणे आणि फर्ग्युसनला, आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' त्यांचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. उदाहरणार्थ ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. चढत्या क्रमाने मांडा, २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथे पोचताच.

या माणसाला निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. जरा विचार करा. नाशिकमध्ये ज्या मुलांच्या घरच्यांनी त्यांची शिकवणी लावली, त्यांनी काय बघून लावली असेल? फ्लेक्स नव्हता, निकालाची टक्केवारी नव्हती. पण वजाबाकीसारख्या साध्या क्रियेत आयुष्यभर रमणारा माणूस समोर बसून शिकवतोय, यापेक्षा मुलाला आणखी काय हवं असतं? आणि ही आपल्या व्यवस्थेची लाजही आहे, की असा शिक्षक शाळेत असताना त्याची किंमत कळली नाही आणि म्हातारपणी त्याला शिकवण्यांवर भागवावं लागलं.

बंदी घालून भागत नाही

कुणी म्हणेल, मग सरकारने क्लासच बंद करावेत. दक्षिण कोरियाने १९८० साली खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. शिकवण्या चोरून चालल्या, महाग झाल्या आणि २००० साली तिथल्या घटना न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर क्लासेसवर घाव घातला, तर पैसेवाल्यांनी घरी शिक्षक बोलावले. परीक्षेचं दार तिथेच राहिलं की शिकवणी मागच्या दाराने येते आणि गरिबाला ती आणखीच दूर जाते.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच प्रवेश द्यावा, रँकची हमी देऊ नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी. या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. तुमच्या-माझ्या गावात नववी-दहावीच्या बॅचेस राजरोस भरताहेत, हे सगळ्यांना दिसतंच आहे.

आणि ही काही मूठभरांची गोष्ट राहिलेली नाही. २०२५ सालच्या केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक नमुना सर्वेक्षणात देशातले सुमारे २७ टक्के शालेय विद्यार्थी त्या वर्षी खासगी शिकवणी घेत होते किंवा घेतलेली होती. शहरात ३०.७ टक्के, गावात २५.५ टक्के. गाव आणि शहर यांत फारसं अंतर नाही, हे विशेष.

मग आपण काय करायचं?

इतिहास सांगून मोकळं होणं सोपं असतं. घरात नववीतलं पोर बसलंय त्यांनी काय करायचं, तेही बोलू.

आधी मुलाला काय हवंय ते ठरवा, मग कुणाकडे जायचं ते. त्यासाठी महागडी चाचणी लागत नाही. रविवारी सकाळी शांतपणे शेजारी बसा, चहा घ्या आणि सहावी ते आठवीतलं चार-पाच गणितांचं काम द्या. तीन चतुर्थांश अधिक पाच षष्ठांश किती? उणे ७ मधून उणे ३ वजा केले तर? २४०चे १५ टक्के? क्षचा वर्ग वजा ५क्ष अधिक ६, याचे अवयव? त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? (उत्तरं तुमच्यासाठी : १९/१२, उणे ४, ३६ आणि (क्ष−२)(क्ष−३).) रागवायचं नाही, घड्याळ लावायचं नाही. कुठे अडतंय ते फक्त बघायचं.

यातून साधारण चार प्रकारची मुलं दिसतात.

१. पाया कच्चा असलेली. अपूर्णांक आणि ऋण संख्यांनाच अडखळतात. अशी मुलं दहावीच्या वर्गसमीकरणाला अडली असं आपल्याला वाटतं, पण ती अडलेली असतात सहावीत. मोठ्या बॅचमध्ये ती आणखी मागे पडतात, कारण तिथे पोर्शन पळतो. यांना एकेकट्याने किंवा चार-पाच जणांत, मागचं गणित लाज न वाटू देता शिकवणारा माणूस हवा. गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका किंवा बी.एस्सी. करणारी ताई इथे नामांकित क्लासपेक्षा जास्त उपयोगी पडते.

२. समजतं, पण सराव नाही अशी. यांना पुन्हा सगळं शिकवायची गरज नसते. दर आठवड्याला वेळ लावून एक पेपर आणि तो नीट तपासून, चूक कुठे झाली ते दाखवणारा कुणीतरी हवा. राउथच्या पद्धतीतला चांगला भाग तेवढा घ्यायचा. बोर्डाचे जुने पेपर आहेत, शाळेतले सर आहेत. क्लास लावायचाच तर वह्या कोण तपासतं एवढंच विचारा.

३. गणिताची खरी गोडी असलेली. यांना पोर्शन दोनदा करवून घेणं म्हणजे शिक्षाच. यांना अवघड, वेगळी कोडी हवीत. पुण्यात १९७६ साली श्रीराम अभ्यंकरांनी स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था आहे, मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, जिथून ऑलिंपियाडचं काम चालतं. तिथवर जाता आलं नाही तरी ६१७४ घरबसल्या देता येतं. तीन अंकी संख्यांचं काय होतं, हे त्याला शोधू द्या.

४. ज्यांना कशाचीच गरज नाही अशी. ही मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. 'सगळे लावताहेत' म्हणून यांच्या संध्याकाळी विकू नका.

सेमी इंग्लिशच्या मुलांचा प्रश्न वेगळा बघा. सातवीपर्यंत मराठीत 'छेद-अंश' म्हणणारं पोर अचानक इंग्रजी शब्दांत गणित वाचायला लागतं. कधी कधी अडचण गणिताची नसते, उदाहरण काय विचारतंय तेच कळत नसतं. तेच उदाहरण मराठीत सांगा. सुटलं, तर तुम्हाला गणिताची शिकवणी नको, शब्दांची उजळणी हवी.

आणि क्लासच्या ऑफिसात गेलात तर चार प्रश्न न लाजता विचारा. डेमोला शिकवतात तेच सर वर्षभर येणार का? बॅचमध्ये मुलं किती? फ्लेक्सवर पंधरा फोटो आहेत, पण त्या वर्षी एकूण प्रवेश किती होते? आणि ज्याला नववीत पंचेचाळीस होते, अशा एखाद्या मुलाचं तुमच्याकडे काय झालं? शेवटच्या प्रश्नाला जो नीट उत्तर देईल, त्याच्याकडे दोन आठवडे मुलाला बसवून बघा. पूर्ण वर्षाची फी पहिल्याच दिवशी भरू नका. दोन आठवड्यांनी मुलाला एकच विचारा : "तिथे तुला प्रश्न विचारता येतो का?"

एवढं करूनही एक काम राहतं आणि ते क्लासच्या नाही, शाळेच्या दारात आहे. शाळेत नववी-दहावीला गणित कोण शिकवतं? त्यांचा विषय गणितच आहे, की जागा रिकामी म्हणून दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकांवर तास टाकलाय? वर्गात मुलं किती? पालक-शिक्षक संघाच्या जुलैच्या बैठकीत आपण गणवेशावर तासभर बोलतो, हे मात्र विचारत नाही. आपण क्लास लावून आपल्यापुरता प्रश्न सोडवतो आणि ज्याला क्लास परवडत नाही तो त्याच वर्गात, त्याच रिकाम्या तासाला बसून राहतो. फी भरणारे पालक गप्प बसले की शाळेवर बोलणारं कुणी उरत नाही, आणि पुढच्या वर्षी आपल्यालाही पुन्हा फी भरावी लागते.

तेव्हा या वर्षी क्लासची चौकशी करायला जाल, त्याच आठवड्यात शाळेतही एक चक्कर मारा. मुख्याध्यापकांना भेटा, गणिताच्या सरांना किंवा बाईंना भेटा. भांडायला नको, विचारायला जा. एकट्याने जाऊ नका, शेजारच्या ज्या पोराच्या घरचे कामावरून रात्री येतात, त्यांच्या वतीनेही जा.